खेळाडू, प्रशिक्षक आणि संस्था : झिको यांची कारकीर्द व गोव्यातील तीन हंगाम (२०१४–२०१६)

प्रस्तावना

क्रीडा हा मानवी जीवनाचा अविभाज्य भाग असला तरी इतिहासलेखनात त्याला बराच काळ दुय्यम स्थान मिळाले. खेळाडूंची चरित्रे लिहिली गेली, विक्रमांच्या नोंदी झाल्या. मात्र खेळ ज्या संस्थांच्या आधाराने वाढतो त्या संस्थांचा आणि त्या घडविणाऱ्या माणसांचा अभ्यास त्या मानाने कमी झाला. विशेषतः प्रशिक्षकाच्या कार्याचे मूल्यमापन विजय-पराजयाच्या आकड्यांपुरते मर्यादित राहते. हे मापन पुरेसे आहे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात ब्राझीलचे विख्यात फुटबॉलपटू व प्रशिक्षक झिको यांच्या कारकिर्दीच्या आधारे केला आहे. झिको यांनी २०१४ ते २०१६ असे तीन हंगाम एफ.सी. गोवा या संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केले. त्यामुळे दक्षिण अमेरिकेतील एका थोर खेळाडूच्या चरित्राचे एक प्रकरण कोकण किनाऱ्याच्या इतिहासाशी जोडले गेले आहे.

निबंधाची उद्दिष्टे

१) झिको यांच्या खेळाडू व प्रशिक्षक म्हणून कारकिर्दीचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२) जपानमधील काशिमा व भारतातील गोवा येथील त्यांच्या कार्याची तुलना करणे.
३) प्रशिक्षकाचे कार्य व स्थानिक संस्था यांचा परस्परसंबंध तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : वसई, गोवा आणि ब्राझील

वसई, गोवा व ब्राझील हे तीनही प्रदेश एके काळी पोर्तुगीज सत्तेखाली होते. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने मराठ्यांच्या ताब्यात आली. गोव्यात ही सत्ता १५१० पासून १९६१ पर्यंत टिकली. ब्राझील १८२२ मध्ये स्वतंत्र झाला. पापडी येथील अवर लेडी ऑफ ग्रेस कॅथेड्रल, वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांतील परेरा, डिसोजा यांसारखी आडनावे आणि वसईचा किल्ला या गोष्टी त्या सामायिक इतिहासाच्या साक्षी आहेत.

या साधर्म्यावरून फुटबॉलचे वेडही पोर्तुगीजांचाच वारसा असावे, असा समज सहज होतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. ब्राझीलमध्ये या खेळाचा पाया घालण्याचे श्रेय प्रामुख्याने चार्ल्स मिलर यांना दिले जाते. स्कॉटिश वंशाच्या पित्याचे हे पुत्र इंग्लंडमधील शिक्षण संपवून १८९४ मध्ये साओ पावलो येथे परतले. गोव्यात १८८३ मध्ये शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी हा खेळ आणला, असे मानले जाते. म्हणजे पोर्तुगीज सत्तेखाली गेलेल्या या दोन्ही प्रदेशांत खेळ आला तो इंग्रजी शाळा व ख्रिस्ती संस्था यांच्या मार्गाने. तो रुजला मात्र स्थानिक मैदानांवर, गावांच्या चुरशीतून आणि क्लबांच्या आश्रयाने. सत्तेच्या वारशापेक्षा संस्थांची बांधणी महत्त्वाची ठरते, ही बाब झिको यांच्या कारकिर्दीचा विचार करताना ध्यानात ठेवावी लागते.

जडणघडण : एका किरकोळ मुलाची गोष्ट

झिको यांचे मूळ नाव आर्तुर आंतुनेस कोइंब्रा. त्यांचा जन्म ३ मार्च १९५३ रोजी रिओ दी जानेरो शहराच्या किंतिनो या उपनगरात झाला. वडील पोर्तुगालमधून ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले होते. थोरले बंधूही फुटबॉल खेळत. ‘आर्तुर’ या नावाच्या लाडक्या रूपातून ‘झिको’ हे नाव रूढ झाले.

१९६७ मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी ते फ्लामेंगो क्लबच्या बाल विभागात दाखल झाले. चेंडूवर विलक्षण हुकूमत होती, परंतु शरीरयष्टी अत्यंत किरकोळ. क्लबने या मुलाला नाकारले नाही. आहार, व्यायाम व वैद्यकीय देखरेख यांचा कार्यक्रम आखून त्याची शरीरप्रकृती कित्येक वर्षे घडविली. १९७१ मध्ये ते मुख्य संघात आले. त्यानंतर १९८०, १९८२ व १९८३ मध्ये फ्लामेंगोने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. १९८१ मध्ये दक्षिण अमेरिकेतील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकून त्याच वर्षीच्या डिसेंबरात टोकियो येथे इंग्लंडच्या लिव्हरपूल संघाचा ३–० असा पराभव केला. फ्लामेंगोसाठी सर्वाधिक गोल करण्याचा मान आजही झिको यांच्याकडेच आहे.

राष्ट्रीय संघाकडून त्यांनी १९७८, १९८२ व १९८६ असे तीन विश्वचषक खेळले. १९८२ च्या संघात सॉक्रेटिस, फाल्काव व सेरेझो यांच्या समवेत झिको होते आणि प्रशिक्षक तेले सांताना होते. त्या स्पर्धेत झिको यांनी चार गोल केले. तथापि ५ जुलै १९८२ रोजी बार्सिलोना येथे इटलीकडून ब्राझील ३–२ असा पराभूत झाला. बरोबरी पुरेशी असतानाही संघ आक्रमक खेळापासून दूर गेला नाही. सुंदर खेळ श्रेष्ठ की परिणामकारक खेळ, या ब्राझीलमधील दीर्घ वादाला या सामन्याने धार आणली. १९८३ ते १९८५ या काळात ते इटलीतील उदिनेझे संघाकडून खेळले व पहिल्याच हंगामात साखळीत १९ गोल केले. मायदेशी परतल्यावर १९८५ मध्ये गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. १९८६ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध बदली खेळाडू म्हणून मैदानात येताच मिळालेली पेनल्टी त्यांना साधता आली नाही. विश्वचषक त्यांच्या हाती कधीच आला नाही.

१९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्नांदो कोलोर यांच्या सरकारात त्यांनी क्रीडा खात्याची सूत्रे स्वीकारली व सुमारे वर्षभर ती सांभाळली. क्लबांचा कारभार व्यावसायिक पद्धतीने चालावा यासाठी त्यांनी मांडलेल्या प्रस्तावांतून पुढे १९९३ चा कायदा आला. तो ‘झिको कायदा’ म्हणून ओळखला जातो. मैदानावरील कौशल्याइतकाच क्लबांच्या व्यवस्थेचा विचार त्यांच्या ठायी होता, हे यावरून दिसते.

काशिमा : संस्थेची उभारणी

१९९१ मध्ये झिको जपानमधील सुमितोमो मेटल या पोलाद कंपनीच्या संघात गेले. हा संघ त्या वेळी दुसऱ्या श्रेणीत होता. खेळाडू बहुतांशी कंपनीचे नोकर. कामाचे तास सांभाळून ते सराव करीत. काशिमा हे कारखाने व बंदर यांभोवती वाढलेले लहान गाव. नियोजित व्यावसायिक लीगमध्ये या संघाला जागा मिळणे जवळपास अशक्य मानले जात होते. गावाने पंधरा हजार प्रेक्षकांचे छत असलेले क्रीडांगण उभारले, संघाने ‘काशिमा अँटलर्स’ हे नाव घेतले आणि त्याला लीगमध्ये प्रवेश मिळाला. १६ मे १९९३ रोजी लीगमधील पहिल्याच सामन्यात काशिमाने नागोया संघाचा ५–० असा पराभव केला. चाळिशीतील झिको यांनी त्यात तीन गोल केले. त्या हंगामाचा पहिला टप्पाही काशिमाने जिंकला.

झिको यांचे खरे कार्य मात्र गुणतक्त्यात दिसणारे नाही. सरावातील गांभीर्य, साहित्याची काळजी, पराभवाचा विचार करण्याची पद्धत, तरुण खेळाडूंशी ज्येष्ठांचे वागणे या गोष्टींकडे त्यांनी बारकाईने लक्ष दिले. समर्पण, प्रामाणिकपणा व आदर या तीन मूल्यांच्या रूपाने ही शिकवण क्लबच्या परंपरेचा भाग झाली. १९९४ मध्ये खेळातून निवृत्त झाल्यावरही तांत्रिक मार्गदर्शक या नात्याने त्यांचा संबंध टिकला. १९९६ ते २०१६ या काळात काशिमाने जपानी लीग आठ वेळा जिंकली. २०१८ मध्ये ते तांत्रिक संचालक म्हणून पुन्हा काशिमात आले आणि त्याच वर्षी क्लबने प्रथमच आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. या यशातील बराचसा भाग त्यांच्या अनुपस्थितीत मिळालेला आहे. संस्थेचे बळ याहून वेगळे ते काय?

राष्ट्रीय संघ व अन्य देश

२००२ मध्ये झिको जपानच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. पूर्वीचे प्रशिक्षक फिलिप त्रूसिए यांची काटेकोर आखणी बाजूला ठेवून त्यांनी खेळाडूंच्या स्वतंत्र निर्णयशक्तीवर भर दिला. २००४ मध्ये बीजिंग येथे यजमान चीनला ३–१ असे हरवून जपानने आशियाई चषक राखला. त्याच वर्षी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जपानने भारताचा सायतामा येथे ७–० व कोलकाता येथे ४–० असा पराभव केला. गोव्यात येण्यापूर्वी दहा वर्षे भारतीय फुटबॉलची स्थिती त्यांनी प्रतिस्पर्धी म्हणून पाहिली होती. २००६ च्या विश्वचषकात मात्र ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८४ व्या मिनिटापर्यंत १–० असा आघाडीवर असलेला जपान १–३ असा हरला व पहिल्याच फेरीत बाद झाला.

पुढे तुर्कस्तानातील फेनरबाहचे क्लबला त्यांनी २००७ मध्ये, क्लबच्या शताब्दी वर्षात, लीगचे विजेतेपद मिळवून दिले व २००८ मध्ये युरोपियन चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले. त्यानंतर उझबेकिस्तान, रशिया, ग्रीस, इराकचा राष्ट्रीय संघ व कतार असा त्यांचा प्रवास झाला. यांपैकी कोठेही त्यांचा मुक्काम दीर्घ ठरला नाही. अल्प मुदतीचा प्रशिक्षक चषक मिळवू शकतो, परंतु परंपरा घडविण्यास अवधी लागतो, हा फरक त्यांच्याच कारकिर्दीत स्पष्ट दिसतो.

गोव्यातील तीन हंगाम

झिको आले तेव्हा गोव्यातील फुटबॉल मागासलेला होता, अशी समजूत करून घेणे योग्य नव्हे. २००७–०८ ते २०१२–१३ या सलग सहा हंगामांत राष्ट्रीय आय-लीगचे विजेतेपद गोव्याच्याच क्लबांनी मिळविले : धेंपो तीन वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा व साळगावकर एकदा. धेंपोच्या राष्ट्रीय विजेतेपदांमागे आर्मांदो कुलासो या गोमंतकीय प्रशिक्षकांचे परिश्रम होते. धेंपोकडून खेळलेले बेटो यांच्यासारखे ब्राझीलचे खेळाडूही गोव्याला पूर्वीपासून परिचित होते.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ संघ, प्रत्येकी चौदा साखळी सामने व सुमारे दहा आठवड्यांचा हंगाम असे तिचे स्वरूप होते. आरंभीच्या हंगामांत मैदानावरील अकरांत सहा परदेशी खेळाडूंना मुभा होती. आय-लीग वर्षाच्या उरलेल्या काळात स्वतंत्रपणे चालू राहिली. अशा व्यवस्थेत झिको एफ.सी. गोवाचे प्रशिक्षक झाले.

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी फातोर्डा येथे चेन्नईयिनविरुद्धचा पहिला सामना गोव्याने १–२ असा गमावला. अडखळत्या सुरुवातीनंतर संघ सावरला व २२ गुणांसह साखळीत दुसरा आला. उपांत्य फेरीत अ‍ॅटलेटिको दी कोलकाताविरुद्धचे दोन्ही सामने गोलशून्य राहिले आणि पेनल्टींवर गोवा २–४ असा हरला.

२०१५ चा हंगाम अधिक उजवा ठरला. नोव्हेंबरात मुंबई सिटीवर ७–० असा विजय मिळाला. त्यात थोंगखोसिएम हाओकिप व दुदू यांनी प्रत्येकी तीन गोल केले. २५ गुणांसह गोवा साखळीत प्रथम आला. उपांत्य फेरीत रॉबेर्तो कार्लोस यांच्या दिल्ली डायनामोजविरुद्ध पहिला सामना ०–१ असा गमावूनही दुसऱ्यात ३–० असा विजय मिळाला. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्डा येथे, घरच्या प्रेक्षकांसमोर अंतिम सामना झाला. ८७ व्या मिनिटाला जोफ्रे यांच्या फ्री किकने गोव्याला २–१ अशी आघाडी मिळाली. परंतु ९० व्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी यांच्याकडून झालेल्या स्वयंगोलाने बरोबरी झाली आणि भरपाई वेळेत स्टीव्हन मेंडोझा यांनी चेन्नईयिनला ३–२ असा विजय मिळवून दिला. सामन्यानंतरच्या अप्रिय प्रकारांबद्दल पुढील वर्षी क्लबवर दंड व गुणकपातीची कारवाई झाली. त्यांपैकी गुणकपात अपिलात रद्द झाली.

२०१६ मध्ये मात्र गोवा १४ गुणांसह आठव्या म्हणजे अखेरच्या स्थानावर राहिला. शेवटच्या सामन्यात चेन्नईयिनवर ५–४ असा विजय मिळाला, एवढेच समाधान. जानेवारी २०१७ मध्ये झिको व क्लब यांचा संबंध संपला. दुसरा, पहिला व आठवा असा तीन हंगामांचा साखळीतील क्रम आहे. निव्वळ आकड्यांनी पाहिल्यास हे अपूर्ण यश म्हणावे लागेल.

काय उरले? : चर्चा

झिको यांच्या कार्याचे फलित खेळाडूंच्या पातळीवर शोधल्यास काही ठळक उदाहरणे आढळतात. रोमिओ फर्नांडिस हा गोमंतकीय खेळाडू २०१५ मध्ये ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको पारानाएन्से क्लबकडे उसन्या कराराने गेला व तेथील अव्वल श्रेणीच्या क्लबकडून खेळणारा पहिला भारतीय ठरला. मंदार राव देसाई २०१४ ते २०२० या काळात एफ.सी. गोवाकडून खेळले. पुढे २०२०–२१ मध्ये लीग जिंकणाऱ्या मुंबई सिटी संघातही ते होते.

येथे एक महत्त्वाची बाब नोंदविणे आवश्यक आहे. रोमिओ व मंदार हे दोघेही धेंपोच्या मुशीतून आलेले. झिको यांच्या हाती आलेले स्थानिक खेळाडू जुन्या क्लबांनी वर्षानुवर्षे घडविलेले होते. दहा आठवड्यांच्या हंगामात प्रशिक्षकाला खेळाडूंची जुळवाजुळव करता येते. त्यांना मुळापासून घडविणे शक्य होत नाही. ज्या फ्लामेंगोने किरकोळ शरीराच्या एका मुलावर कित्येक वर्षे मेहनत घेतली, त्याच मुलाला पुढे प्रशिक्षक म्हणून गोव्यात वर्षाकाठी मोजके आठवडे मिळाले, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. २०१६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉलच्या नव्या रचनेला विरोध दर्शवून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दी गोवा व धेंपो हे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. नव्या लीगमधील गोव्याच्या संघाला खेळाडू पुरविणाऱ्या संस्थाच राष्ट्रीय प्रवाहापासून दूर झाल्या. याचा दोष कोणा एका प्रशिक्षकाकडे जात नाही. परंतु काशिमा व गोवा यांतील भेद येथे उघड होतो. काशिमात नवी लीग आली तेव्हा जुन्या कंपनी-संघाचेच क्लबमध्ये रूपांतर झाले. गाव, क्रीडांगण व संघ हे एकत्र वाढले. गोव्यात जुन्या क्लबांच्या शेजारी नवा संघ उभा राहिला. शिक्षक एकच, शिकवणही बहुधा एकच. भोवतालची रचना मात्र भिन्न होती.

यावर एक आक्षेप संभवतो. गोव्याने पुढे यश मिळविलेच. मग रचनेचा दोष कसा मानावा? २०१९ मध्ये सुपर कप, २०१९–२० मध्ये साखळीतील अव्वल स्थान आणि २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान एफ.सी. गोवाला लाभला, हे खरे आहे. तथापि हे यश आले ते २०१७–१८ पासून हंगाम लांबल्यानंतर व परदेशी खेळाडूंची संख्या घटविल्यानंतर. क्लबचा विकास संघही याच काळात वाढला व त्याने २०१८–१९ ची गोवा प्रोफेशनल लीग जिंकली. म्हणजे उत्तरकालीन यश वरील निष्कर्षाला छेद देत नाही, पुष्टीच देते.

निष्कर्ष

१) झिको यांची कारकीर्द तीन अवस्थांत पाहता येते : संस्थेने घडविलेला खेळाडू, संस्था घडविणारा मार्गदर्शक व अल्प मुदतीचा प्रशिक्षक. या तीनही अवस्था एकाच मापाने मोजता येत नाहीत.

२) काशिमात त्यांचे कार्य टिकले, कारण ते दीर्घकाळ चालले आणि स्थानिक संस्थेत मुरले. गोव्यात गुणवत्ता व लोकाश्रय दोन्ही असूनही कालावधी व रचना अनुकूल नव्हती.

३) गोव्याच्या संघाच्या यशात जुन्या गोमंतकीय क्लबांचा वाटा मोठा होता. नामवंत व्यक्तीच्या आगमनाला नव्या युगाचा आरंभ मानताना हा पूर्वेतिहास झाकोळला जातो.

४) सामायिक वसाहतवादी वारसा खेळाच्या वाढीचे पुरेसे स्पष्टीकरण देत नाही. वसई, गोवा व ब्राझील यांना जोडणारे धागे चर्च, आडनावे व किल्ले यांत दिसतात. खेळ मात्र मैदान, क्लब व चिकाटीने शिकविणारी माणसे यांवरच उभा राहतो.

पापडीसारख्या, नागरीकरणाच्या रेट्यात मोकळ्या जागा राखू पाहणाऱ्या गावांच्या दृष्टीने शेवटचा मुद्दा विशेष विचारणीय आहे. जगप्रसिद्ध प्रशिक्षक एखाद्या प्रदेशात तीन वर्षांसाठी येऊ शकतो. त्याने दिलेले पुढे सांभाळायचे काम तेथील शाळा, ग्रामस्थ व क्लब यांचेच असते. ते झाले तर त्याच्या जाण्यानंतरही शिकवण उरते, हे काशिमाच्या इतिहासावरून सिद्ध होते.